मोबाइलवर पत्ते दिसले म्हणजे जुगार नव्हे : नवा गेमिंग कायदा आणि एक साधं डिजिटल टेबल

गेल्या हिवाळ्यात रात्री जेवण झाल्यावर मी मोबाइलवर पत्ते मांडून बसलो होतो. बाबा मागून आले, स्क्रीनकडे पाहिलं आणि आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "तू बी त्या नादले लागना का?"

त्यांचं चुकलं नव्हतं. माझ्या मामेभावाने वर्षभरापूर्वी पैशांच्या रमीत चाळीस हजार रुपये घालवले होते, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे आमच्या घरी मोबाइलवर पत्ते दिसणं म्हणजे पैसे जाणं, एवढाच अर्थ उरला होता.

मी मात्र रमी खेळत नव्हतो. मी एक खेळ तयार करत होतो. स्क्रीनवर फक्त रिकामं टेबल होतं, त्यावर बारा पत्ते आणि एक फासा. पैसे नाहीत, समोर दुसरा खेळाडू नाही, जिंकल्यावर बोनसही नाही. पण हे बाबांना समजावताना लक्षात आलं की हा फरक आपल्यापैकी बऱ्याच जणांना नीट सांगता येत नाही. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आल्यापासून तर गोंधळ आणखी वाढलाय. "आता मोबाइलवर पत्ते खेळले तर पोलीस पकडतात का?" हा प्रश्न मला नंदुरबारच्या बसस्टँडवरही ऐकू आला. म्हणून हा लेख.

कायदा नेमका काय म्हणतो?

थोडं मागे जाऊ. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसलेले असताना त्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा गेम दिसतोय, असा व्हिडिओ राज्यभर फिरला. आपण गेम खेळत नव्हतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद काहीही असो, मोबाइलवरचे पत्ते तेव्हा घराघरांत चर्चेचा विषय झाले. त्यानंतर महिनाभरातच संसदेने ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा मंजूर केला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ऑगस्टला राज्यसभा आणि २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी. तीन दिवसांत काम झालं. पैशांच्या खेळांत देशातले सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २०,००० कोटी रुपयांच्या आसपास गमावतात, असा सरकारी अंदाज त्या वेळी सांगितला गेला.

या कायद्याने खेळांचे तीन कप्पे केलेत.

पहिला कप्पा ऑनलाइन मनी गेमचा. फी भरून, पैसे जमा करून किंवा दुसरं काही पणाला लावून, त्या बदल्यात पैसे किंवा तसाच फायदा मिळेल या आशेने खेळला जाणारा खेळ. तो कौशल्याचा आहे की नशिबाचा, याने इथे काहीच फरक पडत नाही. पूर्वी कंपन्या नेमकं हेच सांगून सुटायच्या : "आमची रमी कौशल्याची आहे." ती पळवाट या कायद्याने बंद केली. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्यासाठी या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही.

दुसरा कप्पा ई-स्पोर्ट्सचा. ठरलेल्या नियमांच्या स्पर्धा, जिथे कसब पाहिलं जातं.

तिसरा कप्पा ऑनलाइन सोशल गेमचा. मनोरंजन, विरंगुळा किंवा कौशल्य वाढवण्यासाठीचे खेळ, ज्यांत काहीही पणाला लावायचं नसतं. यासाठी सबस्क्रिप्शन किंवा एकदाच भरायची प्रवेश फी घेता येते, पण ती फी म्हणजे पैज असता कामा नये. अशा खेळांची नोंदणी करण्याची तरतूदही कायद्यात आहे.

कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, ती लढाई वेगळी. पण आपल्यासाठी मुद्दा साधा आहे. कायद्याने पत्त्यांवर बंदी घातलेली नाही, फाशांवरही नाही. पणाला काय लागलंय, एवढंच तो विचारतो. मोबाइलवर एकट्याने पेशन्स लावणं आजही पूर्वीइतकंच बिनधोक आहे. १९९० साली विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर आला, तेव्हापासून जगभर लोक ऑफिसात बसून तेच करतायत!

मग डिजिटल टेबल म्हणजे काय?

घरी चटईवर आपण पत्त्यांचा कॅट टाकतो, तेव्हा चटईला रमी माहीत नसते आणि बदाम सातही माहीत नसतो. नियम आपल्या डोक्यात असतात. डिजिटल टेबल म्हणजे ती चटई मोबाइलच्या स्क्रीनवर. पत्ता ओढा, उलटा करा, कॅट पिसा, फासा टाका, सोंगटी सरकवा, गुण मोजायला काउंटर ठेवा. संपलं. तुम्ही नियमाबाहेर खेळलात तरी ते अडवत नाही.

या कुटुंबात बरेच सदस्य आहेत. 'टेबलटॉप सिम्युलेटर' २०१५ पासून स्टीमवर विकत मिळतो. तो कॉम्प्युटरवर चालतो आणि त्यात चिडून अख्खं टेबल उलथवायचीही सोय आहे. 'व्हॅसल' मुक्त सॉफ्टवेअर आहे, युद्धाच्या पटखेळांसाठी लोक ते वर्षानुवर्षं वापरतात, पण तेही कॉम्प्युटरवरच. 'टेबलटोपिया' ब्राउझरमध्ये उघडतो. 'बोर्ड गेम अरेना' वेगळ्या जातीचा आहे. तिथे प्रत्येक खेळाचे नियम आधीच प्रोग्रॅम केलेले असतात, चुकीची चाल खेळताच येत नाही. खेळायला उत्तम, पण नवा खेळ सुचला तर तिथे लगेच मांडून बघता येत नाही.

मला जमलं ते 'प्लेइंगकार्ड्स डॉट आयओ'. ब्राउझरमध्ये एक खोली उघडते, तिला कोड मिळतो, आणि टेबलावर काय ठेवायचं ते तुम्ही ठरवता. खातं उघडायची गरज पडत नाही. आपल्या जिल्ह्यात याची मला जरा जास्तच गंमत वाटते. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट आधी आपली ओळख विचारते. हे टेबल विचारत नाही.

नियम नसलेल्या टेबलाचा फायदा समजायला सावंतवाडीची गंजिफा बघा. पत्ते गोल, दशावतारी संचात १० रंग, प्रत्येकी १२ पत्ते, एकूण १२०. आता ५२ पत्त्यांच्या तयार अ‍ॅपमध्ये हे कसं बसवणार? रिकाम्या टेबलावर मात्र १२० पत्त्यांचा कॅट बनवायचा आणि बसायचं. वाघ-बकरी, नवकंकरी, अष्टचंगा या सगळ्यांचं तेच. पटाचा फोटो टाका, वर सोंगट्या ठेवा.

माझा मिरचीचा खेळ

आता टेबलावर मी काय करत होतो ते सांगतो, कारण हे टूल कशासाठी आहे ते त्यातूनच कळेल.

नंदुरबारला हिवाळ्यात आलेल्यांना शहराबाहेरच्या मिरचीच्या पथारी आठवत असतील. बाजार समितीतून ओली लाल मिरची येते, मोकळ्या जमिनीवर पसरली जाते, वाळली की भाव वाढतो. आणि मध्येच अवकाळी पाऊस आला की सगळं गणित बिघडतं. मला वाटलं, हा तर एकट्याने खेळायचा तयार खेळ आहे.

पहिला नियम असा केला. मिरचीची किंमत १०. रोज एक फासा टाकायचा. १ ते ५ आले तर मिरची वाळली, किंमत ४ ने वाढली. ६ आला तर पाऊस, माल गेला. कधी विकायचं ते खेळाडूने ठरवायचं.

मोबाइलवर मी तो एका संध्याकाळी तीसेक वेळा खेळलो. पंधराव्या डावानंतर कंटाळा आला, आणि का ते कागदावर मांडल्यावर कळलं. किंमत १८ असेल तर आणखी एक दिवस थांबल्यास सहापैकी पाच वेळा २२ मिळतात, म्हणजे सरासरी १८.३. थांबणं फायद्याचं. पण किंमत २२ झाल्यावर थांबलात तर सरासरी २१.७ येते. थांबणं तोट्याचं. म्हणजे दर वेळी उत्तर एकच : तीन दिवस वाळवा आणि विका. ज्या खेळाचं उत्तर ठरलेलं आहे, त्यात खेळाडूला करायला काही उरत नाही.

मग फासा काढून टाकला. त्याच्या जागी हवामानाचे १२ पत्ते ठेवले, दहा उन्हाचे आणि दोन पावसाचे. काढलेला पत्ता परत कॅटमध्ये घालायचा नाही. सुरुवातीला पावसाची शक्यता तीच, सहात एक. पण सहा पत्ते उन्हाचे निघाले की उरलेल्या सहात दोन पावसाचे, म्हणजे धोका दुप्पट. उलट पहिल्याच पत्त्यावर पाऊस निघाला, तर उरलेल्या अकरात पावसाचा एकच. आता खेळाडूला लक्षात ठेवावं लागतं, मोजावं लागतं, धीर धरावा लागतो. फाशाला मागचं काही आठवत नाही, पत्त्यांच्या कॅटला आठवतं. खेळ बनवताना मी शिकलेला हा पहिला मोठा धडा.

हा बदल करायला मला मोबाइलवर पाच मिनिटं लागली. आधीचा नमुना मी जुन्या लग्नपत्रिका कापून केला होता, त्यात अख्खा रविवार गेला होता. या टूलची खरी किंमत इथे आहे. चुकायला पैसे लागत नाहीत, म्हणून माणूस जास्त वेळा चुकून बघतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स या क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. चांगलंच आहे. पण अशा धोरणाची पहिली फळं मोठ्या शहरांतल्या स्टुडिओंना मिळतील, असा माझा अंदाज आहे. धडगावच्या मुलाला खेळ बनवायची सुरुवात करायला स्टुडिओ लागत नाही. त्याला एक टेबल लागतं.

मोबाइल पत्ते खरंच पिसतो का?

मामेभावाचा नेहमीचा प्रश्न : "आपल्याला मुद्दाम वाईट पत्ते दिले जात असतील का?" पैशांच्या अ‍ॅपमध्ये पत्ते पिसणं दूर कुठेतरी कंपनीच्या सर्व्हरवर होतं, आपण ते पाहू शकत नाही. म्हणून पिसणं म्हणजे काय ते समजून घ्या.

योग्य पद्धत जुनी आहे. फिशर आणि येट्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती १९३८ मध्ये मांडली, १९६४ मध्ये डर्स्टनफेल्डने तिला कॉम्प्युटरसाठी सोपं रूप दिलं. शेवटच्या पत्त्यापासून सुरुवात करा. तो स्वतः किंवा त्याच्या आधीचा कुठलाही एक पत्ता यादृच्छिकपणे निवडा, दोघांची अदलाबदल करा. मग एक जागा पुढे या आणि तेच करा. आता हलवलेला शेवटचा पत्ता पुन्हा हलवायचा नाही.

नवखे लोक इथेच चुकतात. ते प्रत्येक जागेवरच्या पत्त्याची सगळ्या कॅटमधल्या कुठल्याही पत्त्याशी अदलाबदल करतात. दिसायला जास्त पिसल्यासारखं वाटतं. पण तीन पत्ते घेऊन मोजा. तीन जागा, प्रत्येकीला तीन पर्याय, एकूण २७ वाटा. आणि तीन पत्त्यांचे क्रम होतात ६. २७ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणजे काही क्रम ५ वाटांनी येतात, काही ४ वाटांनी. झाला पक्षपात, आणि तोही कुणाचा वाईट हेतू नसताना.

बरोबर पद्धतीत ५२ पत्त्यांचे सगळे क्रम सारख्या शक्यतेचे धरले जातात. ते किती? ८ वर ६७ शून्यं, एवढे. तुमच्या टूलचा फासा तपासायचा असेल तर ६०० वेळा टाका. प्रत्येक आकडा शंभराच्या आसपास यायला हवा. एखादा ८५ वेळा आला तरी चालेल. ५० वेळाच आला तर ते टूल सोडा.

आपल्या भागातल्या अडचणी

आता दुसरी बाजू. ब्राउझरमधल्या टेबलाला इंटरनेट लागतं. नंदुरबार, शहादा, नवापूरला ते ठीक आहे. पण सातपुड्यात अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज शोधायला टेकडीवर चढणारे मित्र माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना रेंजवर अवलंबून असलेलं टेबल उपयोगाचं नाही. त्यांच्यासाठी एकदा उघडल्यावर होम स्क्रीनवर जोडता येणारं आणि विमान मोडवरही चालणारं वेब अ‍ॅप शोधा. विश्वास ठेवण्याआधी खरंच विमान मोड लावून बघा. आणि एकट्याने खेळायच्या खेळाला सर्व्हर लागावाच का, हा प्रश्न असं टूल बनवणाऱ्यांनीही स्वतःला विचारायला हवा.

दुसरी अडचण भाषेची. इथे अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजरी बोलली जाते. पत्त्यांवर आपल्या बोलीतले शब्द हवेत ना? पत्त्यांची यादी टेबलात घालायला बहुतेक ठिकाणी सीएसव्ही फाइल लागते. ती एक्सेलमधून साधी सेव्ह केली की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडा, किंवा गूगल शीट्समधून फाइल काढा. माझे दोन दिवस यात गेले, तुमचे जाऊ नयेत.

तिसरी गोष्ट, केलेलं काम स्वतःजवळ ठेवा. ऑनलाइन खोली कायम राहील असं धरू नका. खेळाची फाइल एक्सपोर्ट करून मोबाइलमध्ये आणि ड्राइव्हवर, दोन्हीकडे ठेवा. ज्या टूलमधून तुमचा खेळ बाहेरच काढता येत नाही, त्यावर महिनाभराची मेहनत घालू नका.

इन्स्टॉल करण्याआधी हे बघा

पैशांच्या मोठ्या अ‍ॅप्सनी ऑगस्ट २०२५ नंतर आपले पैशांचे खेळ थांबवले. पण ती रिकामी जागा भरायला टेलिग्रामवरून एपीके फाइल पाठवणारे तयारच असतात. म्हणून चार प्रश्न विचारा.

हे टूल यूपीआय किंवा वॉलेट जोडायला सांगतंय का? पत्ते मांडायला यूपीआय लागत नाही.

एसएमएस आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागतंय का? फासा टाकायला तुमचा ओटीपी वाचायची गरज नसते.

त्यातले कॉइन पैशांत बदलता येतात का? येत असतील, तर नाव काहीही असो, तो पणाला लावायचाच प्रकार आहे. कायद्यानेही पैशांत बदलता येणारी नाणी आणि टोकन त्यातच धरलीत.

आणि चौथा प्रश्न स्वतःला. मित्रांनी त्याच रिकाम्या टेबलावर बसून दर डावाला दहा रुपये फोनवरून पाठवायचं ठरवलं तर? टेबल तुम्हाला अडवणार नाही, त्याला कळणारही नाही. पण तेव्हा तो जुगारच होतो, आणि जुगाराविरुद्ध महाराष्ट्रात १८८७ पासून कायदा आहे.

बाबांना हे सगळं एका रात्रीत पटलं असं नाही. मी कायद्याचं सांगत होतो तेव्हा त्यांचं लक्षही नव्हतं. शेवटी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "एक डाव खेळून बघा." त्यांनी तिसऱ्या पत्त्यापर्यंत वाळवलं, चौथ्याला पाऊस आला. किंमत शून्य. त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. पथारीवर त्यांनी अनेक हंगाम काढलेत. मग म्हणाले, "हे चुकीचं आहे. पावसात सगळा माल जात नाही. डागी मिरचीही विकली जाते, भाव पडतो एवढंच."

मी तिथेच पावसाच्या पत्त्यावरचा नियम बदलला : माल जात नाही, किंमत निम्मी होते. खेळ आधीपेक्षा अवघड झाला, कारण आता पाऊस पडल्यावरही एक निर्णय उरतो : डागी माल विकायचा की अजून थांबायचं? बाबा त्या रात्री आणखी चार डाव खेळले.